नियमाआधी भांडण असतं: ओपन सोर्समधल्या आचारसंहिता कशा वाचायच्या

२०१६ साली नाशिकमध्ये वर्डकॅम्प झाला. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आणि घडवणाऱ्या लोकांचं हे संमेलन. वर्डकॅम्प कुठल्याही शहरातला असो, त्याच्या वेबसाइटवर तिकीट, वक्ते आणि वेळापत्रक यांच्या जोडीला एक पान असतं: 'कोड ऑफ कंडक्ट', म्हणजे आचारसंहिता. एकमेकांशी कसं वागायचं, काय खपवून घेतलं जाणार नाही, कुणी त्रास दिला तर कुणाला सांगायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. बहुतेक जण ते पान उघडतही नाहीत. माझ्या पीएचडीचा विषय साधारणपणे तेच पान आहे.

हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "त्यात कसलं संशोधन? नीट वागा, एवढंच तर असतं त्यात." शिवाय आपल्याकडे आचारसंहिता म्हटलं की निवडणूकच आठवते. म्हणून या पोस्टमध्ये असा दस्तऐवज इतिहासाचं साधन म्हणून कसा वाचायचा ते सांगतो. तुमचा विषय सॉफ्टवेअरचा नसला तरी ही पद्धत उपयोगी पडेल.

साहेब नसलेलं ऑफिस

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचू, बदलू आणि पुढे देऊ शकतं असं सॉफ्टवेअर. लिनक्स हे त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं ऑगस्ट १९९१ मध्ये त्याची घोषणा केली, आणि जगभरातले लोक त्यात भर घालू लागले. कामाची रीत साधी आहे. तुम्ही केलेला बदल, म्हणजे पॅच, ई-मेलनं सगळ्यांसमोर पाठवायचा. त्या भागाची जबाबदारी असलेला मेंटेनर तो तपासतो आणि घेतो किंवा नाकारतो.

इथे ऑफिस नाही, साहेब नाही, एचआर नाही. मग कुणी कुणाचा पाणउतारा केला तर 'पुरे' कोण म्हणणार? बरीच वर्षं या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. ज्याचा कोड चांगला, त्याची जीभ माफ, असा सगळा कारभार. रॅगिंगचं समर्थन करणारे सीनियर म्हणायचे तसंच इथेही म्हटलं जायचं: यातून माणूस तयार होतो.

२००४ मध्ये आलेल्या उबुंटूनं अगदी सुरुवातीलाच आचारसंहिता केली. पण तिचा भर सल्ल्यावर होता: समजून घ्या, आदरानं बोला, मिळून काम करा. चित्र बदललं ते पुढे. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका ओपन सोर्स परिषदेत आपल्यावर लैंगिक हल्ला झाल्याचं एका सहभागी स्त्रीनं जाहीरपणे लिहिलं. त्यानंतर परिषदांसाठी छळविरोधी धोरणाचा नमुना तयार झाला आणि २०११ मध्ये 'एडा इनिशिएटिव्ह' ही संस्था उभी राहिली. २०१२ च्या अखेरीस पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशननं ठरवलं की आचारसंहिता नसलेल्या परिषदेला आपण पैसे द्यायचे नाहीत. सुविचाराला पहिल्यांदा दात आले ते इथे.

इथे पहिला धडा. नियम हा भांडणाचा ठसा असतो. 'इथे थुंकू नये' अशी पाटी दिसली की तिथे लोक थुंकत होते हे कळतं. कुठलाही नियम हातात आला की आधी विचारा: तो लिहायची वेळ कुणामुळे आणि कशामुळे आली?

२०१५ आणि २०१८: दोन कागद शेजारी ठेवून

लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं उदाहरण यासाठी उत्तम आहे. जुलै २०१३ मध्ये यूएसबी ३.० चं काम सांभाळणाऱ्या सेज शार्प यांनी टोरवाल्ड्स यांच्या शिवराळ भाषेला उघड हरकत घेतली. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं होतं की खोट्या गोडव्यापेक्षा स्पष्ट बोललेलं बरं. वाद गाजला. मार्च २०१५ मध्ये कर्नलनं एक छोटा मजकूर स्वीकारला. त्याचं नाव होतं 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट', म्हणजे संघर्षाची संहिता. त्यात साधारण असं होतं: तुमच्या कामावर कडक टीका होणारच, ती कोडच्या भल्यासाठी असते, पण वैयक्तिक अपमान किंवा धमकी झाली तर तांत्रिक सल्लागार मंडळाला कळवा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शार्प यांनी आपण कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं.

१६ सप्टेंबर २०१८ ला टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि काही आठवडे सुट्टी घेतली. त्याच दिवशी जुना मजकूर काढून नवी आचारसंहिता आली. ती 'कॉन्ट्रिब्यूटर कॉव्हेनंट'वर आधारलेली होती. हा नमुना कोरलाइन एडा एम्की यांनी २०१४ मध्ये लिहिला.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. दोन्हींत तक्रारीला जागा आहे. मग फरक कुठे? पहिल्याची सुरुवात नवख्याला सावध करण्यापासून होते: टीका होईल, तयार राहा. म्हणजे जुळवून घ्यायचं ते येणाऱ्यानं. दुसऱ्यात न चालणाऱ्या गोष्टींची यादी आहे आणि मेंटेनरांची कर्तव्यंही लिहिलेली आहेत. म्हणजे जबाबदारी ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्याकडे गेली. साडेतीन वर्षांत वाक्याचा कर्ताच बदलला! दस्तऐवज वाचताना क्रियापदांचा कर्ता शोधा, असं मी ज्युनियर विद्यार्थ्यांना सांगतो ते यासाठी.

'जात' हा शब्द

कॉन्ट्रिब्यूटर कॉव्हेनंटमध्ये एक यादी आहे: वय, अपंगत्व, वंश, धर्म वगैरे काहीही असो, प्रत्येकाला इथे त्रासाविना वावरता यावं. २०२१ च्या २.१ आवृत्तीत या यादीत 'कास्ट', म्हणजे जात, हा शब्द आला. आधीच्या २.० मध्ये तो नव्हता.

आपल्या भागातल्या वाचकाला हा शब्द नुसता वाचून पुढे जाता येत नाही. 'सगळ्यांसाठी खुलं' या शब्दांची परीक्षा इथे पूर्वीच झालेली आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. तरी तिथलं पाणी घ्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला, आणि सत्याग्रहींवर हल्लाही झाला. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि काही वर्षं चालला.

गैरसमज नको. पाण्याचा हक्क आणि पॅच स्वीकारला जाणं, या गोष्टी एका तराजूत घालायच्या नाहीत. मुद्दा वाचनाच्या पद्धतीचा आहे. १९२३ चा ठराव वाचून '१९२३ पासून पाणवठे खुले झाले' असं कुणी लिहिलं तर आपण त्याला लगेच थांबवू. मग २०२१ ची आवृत्ती वाचून 'ओपन सोर्समधून जातीभेद गेला' असंही लिहिता येणार नाही. ठराव आणि तळं यांच्यामध्ये काय घडलं, ते शोधणं म्हणजे संशोधन.

जे बोललेच नाहीत

आता माझी स्वतःची चूक. पहिल्या वर्षी मी शिव्यांची आणि अपमानकारक शब्दांची यादी केली आणि जुन्या संदेशांत ते शब्द मोजणारी स्क्रिप्ट लिहिली. शब्द कमी झाले की वागणं सुधारलं, असा माझा सरळ हिशोब होता.

मग मला माझाच किस्सा आठवला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी एका प्रकल्पाला मराठी भाषांतरातली दुरुस्ती पाठवली होती. उत्तरात एकही शिवी नव्हती. आधी नीट शिकून या, मग आमचा वेळ घ्या, अशा अर्थाचं एक वाक्य होतं, आणि त्याखाली दोघातिघांचे हसरे चेहरे. मी 'ओके, थँक्स' लिहिलं आणि चार वर्षं तिकडे फिरकलो नाही. माझ्या स्क्रिप्टनं हा संवाद 'सभ्य' म्हणून मोजला असता. आभार मानून संपलाय ना!

मराठीत तर ही अडचण आणखी वाढते. इंग्रजीतल्या 'यू'ला मान-अपमान नाही. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण यांतच निम्मं नातं ठरतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. तिथल्या सामायिक चर्चेच्या पानाचं नाव 'चावडी' आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशननं मंजूर केलेली वैश्विक आचारसंहिता या चावडीलाही लागू आहे. पण 'आपण थोडा अभ्यास करून आलात तर बरं होईल' हे वाक्य आदरार्थी असूनही माणसाला घालवून देऊ शकतं, हे आपण सगळे जाणतो. ते कुठल्याही शब्दयादीत सापडणार नाही.

दुसरा धडा असा. दफ्तरात टिकलेल्यांचा आवाज असतो. गेलेला माणूस बहुतेक वेळा भांडून जात नाही, गप्प होतो. म्हणून आता मी शब्द मोजत नाही, माणसं मोजतो: पहिला पॅच कुणी पाठवला, त्याला काय उत्तर मिळालं, दुसरा आला का? ही पद्धतही परिपूर्ण नाही. परीक्षा, नोकरी, कंटाळा, अशा कितीतरी कारणांनी माणूस जातो. म्हणून जोडीला मुलाखती घ्याव्या लागतात.

नियम आल्यानंतर

निवडणुकीची आचारसंहिता १९६० मध्ये केरळमध्ये सुरू झाली, पण तिची जरब बसली ती १९९० च्या दशकात टी. एन. शेषन यांच्या काळात. ओपन सोर्समध्येही खरा प्रश्न अंमलबजावणीचाच निघाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नलच्या एका वरिष्ठ डेव्हलपरचे बदल ६.१३ या आवृत्तीपुरते न घेण्याचा निर्णय आचारसंहितेखाली झाला. म्हणजे नियम वरपर्यंत पोचला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायथनच्या एका अतिशय ज्येष्ठ डेव्हलपरला तीन महिन्यांसाठी निलंबित केलं गेलं, आणि तेव्हा उलटा प्रश्न उभा राहिला: निर्णय कुणी घेतला, कशाच्या आधारे, आणि बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली का? हाही प्रश्न खराच आहे. पूर्वी 'पुरे' म्हणणारं कुणी नव्हतं. आता आहे, तर त्याला कोण विचारणार, हे ठरवायचं आहे. म्हणजे पुढचं भांडण सुरू झालंय, आणि त्यातून पुढचा नियम येईल.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर एक सराव करून बघा. आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर रॅगिंगविरोधी किंवा तक्रार समितीची सूचना असेल. तिचा फोटो काढा आणि चार प्रश्न लिहा. ही सूचना लावायची वेळ कशामुळे आली? तिच्यातल्या क्रियापदांचा कर्ता कोण? दिलेल्या नंबरवर फोन लागतो का? आणि ज्यांनी कधीच तक्रार केली नाही, त्यांच्यापर्यंत तुम्ही कसे पोचाल? चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसलात की तुमच्या प्रस्तावातलं 'संशोधन पद्धती' हे प्रकरण सुरू झालं म्हणून समजा.