उघड्या विटांचं घर

बीड बायपासच्या पलीकडे, सातारा परिसरात आमचं घर उभं राहत होतं तेव्हाची गोष्ट. स्लॅब पडला होता, भिंती झाल्या होत्या. मी पुण्याहून आले ती मोबाइलमध्ये साठ-सत्तर फोटो घेऊन. सगळे लाल विटांच्या घरांचे. गिलावा नाही, रंग नाही. नुसती वीट आणि विटांमधून धावणारी बारीक रेघ. आईनं एकेक फोटो शांतपणे पाहिला आणि विचारलं, "यांचे पैसे कुठं संपले?"

मला हसू आलं. तिला नाही.

तिचं माहेर पैठणचं. आजोबांनी घर बांधलं आणि गिलाव्याच्या आधी पैसा संपला. पुढची नऊ वर्षं विटा तशाच उघड्या. आईला पाहायला पाहुणे येणार होते, त्याच्या आदल्या रात्री आजोबांनी कंदील लावून दर्शनी भिंतीवर चुन्याची सफेदी मारली. थेट विटांवर. सकाळी ती ओलीच होती आणि पाहुण्यांपैकी एकाच्या कोटाला लागली. ही गोष्ट आई कधी सांगत नाही, मला मावशीकडून कळली. म्हणजे मी तिला जे 'सुंदर' म्हणून दाखवत होते, ते तिच्या लेखी नऊ वर्षांचं उघडं पडणं होतं.

त्या रात्री अण्णांनी मध्यस्थी केली. "तुझ्या फोटोंतली फॅशन कालची आहे," ते म्हणाले. "भिंत झाकायची की उघडी ठेवायची, हे भांडण या गावात जुनं आहे." अण्णांना असं बोलायची सवय आहे. पण मी वाचत गेले, फिरत गेले, आणि ते बरंचसं खरं निघालं.

आपल्या भाषेत गावाचे दोन भाग मातीच्या रंगावरून पडतात. शेतजमीन ती काळी आणि वस्ती ती पांढरी. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्या भिंती टिकत नाहीत, विटाही धड होत नाहीत. म्हणून गढ्यांना, धाब्याच्या घरांना पांढरी माती. मराठवाड्यातल्या घराचा बाहेरचा रंग शेकडो वर्षं कुणी निवडलाच नाही, तो पायाखालून आला. पाऊस लागला की लिंपण धुपतं, म्हणून दरवर्षी नव्यानं लिंपायचं. लिंपलेली भिंत म्हणजे घरात माणसं राबतायत याची खूण. न लिंपलेली म्हणजे घर पडीक. आईचा प्रश्न इतका जुना आहे.

भाजलेली वीटही इथं नवी नाही. सातवाहनांच्या पैठणमध्ये ती होती, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं त्रिविक्रम मंदिर आजही विटांचं उभं आहे. विटेचा रंग ठरतो तो मातीतल्या लोहामुळे आणि भट्टीतल्या हवेमुळे. हवा भरपूर मिळाली तर लोह गंजल्यासारखं लाल होतं, कोंडली तर वीट काळपट पडते. मातीत चुन्याचा अंश जास्त असेल तर पिवळट. चुनखडीचा खडा राहून गेला तर तो पुढं पाणी पिऊन फुटतो आणि विटेचा टवका उडतो. आमच्या पहिल्याच गाडीत अशा विटा निघाल्या. भट्टीवाला म्हणाला, "गिलाव्यात झाकून जाईल की ताई." गिलावा करायचाच नाहीये, हे ऐकून त्यानं अण्णांकडे सहानुभूतीनं पाहिलं.

मला खरं गुंतवलं ते विटांच्या मधल्या मालानं. सिमेंट येण्याआधी तो माल म्हणजे चुना. चुनखडी भाजायची, विरवायची आणि बैलाच्या घाणीत वाळूबरोबर दळायची. कुणी त्यात गूळ घाली, कुणी बेलफळ, मेथी, हिरडा. पाण्याशी संबंध येणार असेल तर सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. भाजलेली माती आणि चुना पाण्यात एकमेकांना असे धरतात की माल ओल्यातही घट्ट होतो. हौद, विहिरी, पाण्याच्या टाक्या यांना सुरखी हवीच. मलिक अंबरच्या नहरींवर वाढलेल्या शहरात तिचं महत्त्व वेगळं सांगायला नको. सुरखी पडली की चुना गुलाबी दिसतो. ती गुलाबी रेघ कुणी शोभेसाठी काढलेली नव्हती. काम चोख झालं की रंग आपोआप येई.

मग एका सकाळी अण्णा मला मकबऱ्यावर घेऊन गेले. शाळेच्या सहलीत दहा वेळा पाहिलेला बीबी का मकबरा. 'गरिबांचा ताजमहाल' हा टोमणा आम्ही संभाजीनगरकर लहानपणापासून गिळत आलोय. (तेव्हा औरंगाबादकर होतो, टोमणा तोच.) औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये गेली, तिची ही कबर. श्रेय शहजादा आझमशहाला देतात, पण 1660-61 मध्ये तो सात-आठ वर्षांचा होता. तेव्हा त्यानं रंग निवडला असेल तर खेळण्यांचाच. दरवाजावरच्या लेखात नावं आहेत अताउल्ला आणि हंसपतराय यांची. अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. खर्च सांगतात तो 6,68,203 रुपये 7 आणे. हे सात आणे मला फार आवडतात.

"कुठपर्यंत संगमरवर आहे ते बघ," अण्णा म्हणाले. जोत्यापासून साधारण कमरेच्या पट्टीपर्यंत संगमरवर. मग थेट घुमट संगमरवरी. मधलं सगळं आपल्या डोंगरातला काळा बेसॉल्ट, त्यावर घोटून गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यातलंच नक्षीकाम. तॅव्हर्निए हा फ्रेंच व्यापारी या वाटेनं गेला तेव्हा त्याला संगमरवराच्या तीनशेहून अधिक गाड्या दिसल्या, आणि त्यांतल्या सर्वांत लहान गाडीला बारा बैल होते. एवढं करूनही दगड पुरवून वापरावा लागला. आजोबांसारखंच झालं म्हणायचं. हात लागेल तिथं खरा दगड, लांबून दिसेल तिथं खरा दगड, आणि मध्ये चुना. पोपडे निघतात तिथून काळा पत्थर डोकावतो. इतकी वर्षं मी त्याला नक्कल समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ज्यानं हे घोटलं त्या गवंड्याच्या हाताला कमी लेखायचं कारण नाही.

उघड्या विटेचा मान आपल्याकडे विसाव्या शतकात वाढला. अहमदाबादेत लुई कान यांनी आयआयएमच्या विटा उघड्या ठेवल्या, केरळात लॉरी बेकरांनी गिलाव्याचा खर्च वाचवायला ठेवल्या. बेकरांचं कारण आजोबांच्या कारणाजवळचं होतं. फरक इतकाच की बेकरांनी ते ठरवून केलं, आणि आजोबांवर ते ओढवलं.

हा 'ठरवून' दिसायचा कसा? मिस्त्री म्हणाले, "दर्जांत." दर्जा म्हणजे विटांमधले सांधे. 19 बाय 9 सेंटिमीटरचा विटेचा चेहरा आणि भोवती एक सेंटिमीटरचा सांधा धरला, तर भिंतीचा सुमारे सातवा हिस्सा नुसता माल असतो. त्याचा रंग चुकला तर भिंत चुकली. त्यांनी अंगणात तीन छोट्या भिंती रचल्या. एकीच्या दर्जा साध्या करड्या सिमेंटच्या, दुसरीच्या पांढऱ्या, तिसरीच्या लाल ऑक्साइड अगदी थोडं मिसळलेल्या. लगेच बघू नका म्हणाले, ओला माल गडद दिसतो. आठवडाभरानं पाहिलं. पांढऱ्या दर्जांनी प्रत्येक वीट सुटी झाली होती, चौकटीच्या वहीसारखी. करड्या दर्जांची भिंत अर्धवट कामासारखी दिसत होती. आईनं तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंच नाही. लाल दर्जांत विटा एकमेकींत मुरल्या होत्या. सकाळच्या उन्हात किंचित गुलाबी.

आईनं तिच्यावरून बोट फिरवलं. "ही मुद्दाम केलेली वाटते," ती म्हणाली.

शेवटी ओसरीची भिंत आणि जिन्याची बाजू उघडी राहिली, बाकी घराला गिलावा झाला. वास्तुशांतीला एका काकांनी ओसरीकडे बोट करून विचारलंच, "वहिनी, इथला गिलावा कधी?" आई त्यांना हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेली. काय बोलली ते मला पंगतीच्या गडबडीत ऐकू आलं नाही. काका बराच वेळ तिथं उभे होते.

पावसाळ्यानंतर खालच्या दोन थरांना लोणा फुटला. कोरड्या ब्रशनं घासायचा, पाण्यानं धुवायचा नाही, असं मिस्त्रींनी सांगितलंय. ते काम आईनं स्वतःकडे घेतलंय.