ओपन अ‍ॅक्सेस संशोधन म्हणजे काय? महाडच्या विंचूदंशावरच्या अभ्यासातून समजून घ्या

एखादा शोधनिबंध इंटरनेटवर कोणालाही, कुठूनही, पैसे न भरता पूर्ण वाचता येत असेल, तर त्याला ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात. मराठीत 'मुक्त प्रवेश' किंवा 'खुले संशोधन' असेही म्हटले जाते. वाचण्यासोबत तो निबंध उतरवून घेण्याची, इतरांना पाठवण्याची आणि श्रेय देऊन वापरण्याची परवानगीही बहुतेक वेळा असते. ती परवानगी क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या परवान्यात लिहिलेली असते. ही संकल्पना २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यानंतर जगभर रुळली.

हे सगळे विद्यापीठातल्या लोकांचे विषय वाटतात. पण रायगड जिल्ह्यात याचा संबंध थेट जिवाशी आला आहे.

महाडमध्ये काय घडले?

कोकणात लाल विंचू भरपूर. दगडाच्या बांधात, लाकडाच्या ढिगात, कौलांखाली तो लपतो. १९७६ मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि मुले डोळ्यांदेखत दगावत होती. ठोस उपचार नव्हता. त्यांनी रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या: उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि मग फुप्फुसात पाणी.

कारण पेशींच्या पातळीवर आहे. मज्जापेशींच्या आवरणात सोडियमची ये-जा करणारी बारीक दारे असतात. विंचवाचे विष ती लवकर बंद होऊ देत नाही. मग मज्जातंतू सतत संदेश पाठवत राहतात, शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर न पेलणारा भार पडतो.

रक्तवाहिन्यांचे हे आवळणे थांबवणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध तेव्हाही बाजारात होते. गोळी तोंडाने देता येते, त्यामुळे मोठे यंत्र नसलेल्या दवाखान्यातही तिचा उपयोग होतो. हा अनुभव १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बावस्करांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांमधले मृत्यूचे प्रमाण, जे पूर्वी ३० ते ४० टक्क्यांपर्यंत होते, ते १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

(ही गोळी घरी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. विंचू चावला तर लगेच रुग्णालय गाठावे.)

मग यात ओपन अ‍ॅक्सेस कुठे आला?

'लॅन्सेट' मुख्यतः वर्गणीवर चालते. म्हणजे निरीक्षणे महाडची, रुग्ण रायगडच्या वाड्यावस्त्यांवरचे, आणि तो निबंध वाचायला शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरकडे वर्गणी किंवा ओळखीचे मोठे ग्रंथालय हवे. ही विसंगती खटकणारी आहे.

याउलट २०११ चा निबंध पाहा. डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविष लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण लस मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२, तर दुसऱ्या गटात ३५ पैकी ८ होते. हा निबंध 'बीएमजे'मध्ये खुला छापला गेला. रात्री अकरा वाजता श्रीवर्धनच्या किंवा मुरूडच्या दवाखान्यात बसलेला डॉक्टर तो मोबाइलवर उघडून मात्रा, वेळ आणि निकाल स्वतः तपासू शकतो.

फुकट, मग खर्च कोण करतो?

तीन मुख्य वाटा आहेत. काही नियतकालिके लेखकाकडून शुल्क घेतात. ते कधी लाखांच्या घरात जाते आणि खासगी दवाखाना चालवणाऱ्याला परवडत नाही, म्हणून काही ठिकाणी माफी मिळते. दुसरी वाट म्हणजे लेखकाने आपली प्रत एखाद्या खुल्या संग्रहात ठेवणे. तिसरीत खर्च संस्था उचलते, लेखक आणि वाचक दोघांनाही काही द्यावे लागत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे याचे जुने आणि चांगले उदाहरण.

'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेने प्रश्न सुटला का?

अर्धाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या या योजनेत ३ वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये ठेवले असून ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके सुमारे ६,३०० सरकारी संस्थांना खुली होतात. विद्यार्थ्यांना मोठा फायदा आहे. पण खासगी डॉक्टर, पत्रकार, शिक्षक आणि रुग्णाचे नातेवाईक यात येत नाहीत. ओपन अ‍ॅक्सेस निबंधाला असे कुंपण नसते.

खुले म्हणजे खरे का?

नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिकेही 'ओपन अ‍ॅक्सेस' हीच पाटी लावतात. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली होती. नियतकालिक डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या सूचीत किंवा पबमेडवर सापडते का, हे आधी पाहावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'अमुक संशोधनात सिद्ध झाले' असा मजकूर आला, तर निबंधाचे नाव पबमेडवर टाकून 'फ्री फुल टेक्स्ट' हा पर्याय निवडावा. निबंध उघडला की अभ्यास माणसांवर झाला की उंदरांवर, आणि किती जणांवर, एवढे दोन मुद्दे आधी शोधावेत. निबंध कुलूपबंद निघाला तर लेखकाचा ईमेल पत्ता बहुधा सारांशाजवळच दिलेला असतो. मागितल्यावर पुष्कळ संशोधक आपली प्रत आनंदाने पाठवतात.