रुमालाखालचा भाव ते मोबाईलवरची बोली : जुन्या झाडकटरच्या निमित्तानं



झाडकटर, म्हणजे चेनसॉ, आता आपल्याकडं नवलाईचा राहिला नाही. 2012-13 च्या दुष्काळात आपल्या आणि जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, कित्येकांना त्या तोडाव्या लागल्या. वाळलेली बाग काढायची, बांधावरची बाभूळ छाटायची, तर हे मशीन लागतंच. काम सरलं की ते शेडात पडून राहतं. मग पोरं म्हणतात, मोबाईलवर लिलावाला टाका. टाकायला हरकत नाही. पण लिलाव आपल्याला नवा नाही. त्याचा इतिहास पाहिला तर जुनं मशीन कसं विकावं हे बी त्यातच सापडतं.

आधी बाजाराची गोष्ट. जुन्या लोकांनी हत्ता पद्धत पाहिलेली आहे. दलाल आणि घेणारा रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याचा माल तो बाजूला उभा. त्याला शेवटचा आकडा तेवढा कळायचा, कोण किती द्यायला तयार होता हे कधीच नाही.

ह्याला आळा घालायची सुरुवात कापसापासून झाली. 1886 साली वऱ्हाडात कारंजा इथं पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथं 1930 मध्ये हैदराबादचा शेतमाल बाजार कायदा झाला. पुढं महाराष्ट्र झाल्यावर 1963 चा बाजार समिती कायदा आला. ह्या सगळ्या धडपडीचा रोख एकच : माप खरं पाहिजे, बोली सगळ्यांदेखत पाहिजे, हिशेब कागदावर पाहिजे.

आता मशीनचा इतिहास थोडक्यात. जर्मनीत आंद्रेआस श्टील ह्यानं 1926 मध्ये विजेवरची साखळी करवत काढली, 1929 मध्ये पेट्रोलवरची. ती दोघांनी धरायची. 1950 च्या सुमाराला एका माणसानं चालवायचं मशीन आलं. साखळीचं काम अमेरिकेत जोसेफ कॉक्स ह्यानं सुधारलं. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे जबडे दोन्ही बाजूंनी कसे कुरतडतात हे पाहून त्यानं 1947 च्या आसपास नव्या दाताची चेन बनवली. आपण ज्या किडीवर फवारणी करतो, तिच्याकडूनच तो शिकला. आजच्या चेनचा दात त्याच वळणाचा आहे.

आता ऑनलाईन लिलाव. 1995 साली अमेरिकेत ईबे सुरू झालं. तिथं विकलेली पहिली वस्तू कोणती म्हणून सांगतात? बिघडलेला लेझर पॉइंटर. किंमत आली 14.83 डॉलर. घेणाऱ्याला तो बिघडलेला आहे हे माहीत होतं, त्याला तसलाच पाहिजे होता. आपल्या देशात 2000 मध्ये मुंबईतून बाजी डॉट कॉम निघालं, 2004 मध्ये ते ईबेनं घेतलं, आणि 2018 मध्ये ईबेचं इथलं दुकान बंद झालं. सरकारी भंगार आणि जुनी यंत्रं विकायला एमएसटीसी ही 1964 ची सरकारी कंपनी आहे, ती आता ई-लिलाव करते. तिथं आधी अनामत भरावी लागते, आणि माल 'जसा आहे, जिथं आहे' ह्या अटीवर मिळतो. ही अट नीट वाचा. म्हणजे बघून घ्यायची जबाबदारी घेणाऱ्याची.

शेतमालासाठी 14 एप्रिल 2016 ला ई-नाम सुरू झालं. तिथं बोलीबरोबर मालाची तपासणी पण ठेवली आहे. ओलावा किती, काडीकचरा किती, हे लांबचा व्यापारी कागदावर पाहतो आणि मग बोली लावतो.

माझा मुद्दा इथंच आहे. रुमाल गेला, बोली उघडी झाली. पण नुसती बोली उघडी असून भागत नाही, माल बी उघडा पाहिजे. बैलबाजारात आपण दात पाहतो, चालवून पाहतो, खांद्यावर हात फिरवतो. मोबाईलवर घेणाऱ्याला ह्यातलं काही करता येत नाही. न दिसलेल्या मालाची बोली तो भीतीपोटी खालूनच लावतो. जुन्या झाडकटरला ई-नामसारखी तपासणी नाही. ती विकणाऱ्यानंच करून दाखवायची.

काय दाखवावं :

1. थंड मशीन पहिल्यापासून दोरी ओढून चालू करतानाचा व्हिडिओ. आधी गरम करून ठेवलेलं नको.
2. दोरीच्या मुठीला धरून मशीन अलगद लटकवा. धपकन खाली गेलं तर कॉम्प्रेशन उतरलंय, सावकाश उतरलं तर बरं आहे.
3. सायलेन्सर काढून पिस्टनचा फोटो. उभ्या रेघा असतील तर त्या बी दिसू द्या.
4. चेनचे दात कानशीनं घासून किती उरलेत, पट्टीची खाच किती झिजली.
5. बिल आणि मशीनचा नंबर. चोरीच्या मालाची शंका आली की चांगलं गिऱ्हाईक बोलीच लावत नाही.

कागदाचं महत्त्व तर लई आहे. फिलिपाईन्समध्ये 2002 पासून चेनसॉसाठी वेगळा कायदाच आहे, मशीन नोंदवावं लागतं. आपल्याकडं झाड तोडायला 1964 चा कायदा आहे. उद्या तुमचं जुनं मशीन कुठं चोरट्या तोडीत सापडलं, तर ते कोणत्या तारखेला कोणाला विकलं ह्याची सही असलेली पावती तुमच्याजवळ पाहिजे. दोन ओळी लिहून घ्यायला काही खर्च येत नाही.

खोड लपवली तर एकदा दोन पैसे जास्त मिळतील. पण असं सगळेच करायला लागले तर लांबचं गिऱ्हाईक आपल्या भागातल्या मालाला हातच लावणार नाही, आणि चांगलं मशीन बी भंगाराच्या भावात जाईल. कारंजापासून आजवर एवढे कायदे आले ते शेतकऱ्याचा माल अंधारात जाऊ नये म्हणून. आता विकणारे आपण आहोत, तर उजेड बी आपणच धरायचा.

कोणी जुना झाडकटर, पंप किंवा कडबाकुट्टी लिलावात विकली असेल तर काय दाखवलं आणि काय भाव आला ते जरूर लिहा. बाकीच्यांना उपयोग होईल.

राम राम.