समुद्री गवत (वऱ्हाडातील आप्त वनस्पतींसह)

उथळ समुद्रात, ऊन पोचेल इतक्या खोलीवर, तळच्या गाळात मुळे रोवून वाढणाऱ्या सपुष्प वनस्पतींचा गट. पाण्यात वाढणाऱ्या हिरव्या पसाऱ्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. इथे ते नाव चुकीचे आहे. शेवाळाला खरी मुळे, फुले व बिया नसतात, समुद्री गवताला तिन्ही असतात. नावात गवत असले तरी ज्वारी-गव्हाच्या तृणकुळातले ते नव्हे. जगात सुमारे ७० जाती. भारतात मोजणाऱ्यागणिक १४ ते १६.

कोकण व गोवा : भारतातील विस्तीर्ण कुरणे मन्नारचे आखात व पाल्कच्या सामुद्रधुनीत आहेत. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी लाटांचा मारा आणि नद्यांचे गढूळ पाणी यांमुळे ती तुटक, छोट्या तुकड्यांत आढळतात. गोव्यातील मांडवी खाडीतल्या हॅलोफिला बेकारी या जातीच्या कुरणाचा परिस्थितिकीय अभ्यास जगताप व उंटवाले यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. ओडोआर्डो बेक्कारी या इटालियन संग्राहकाच्या नावावरून अ‍ॅशरसन याने १८७१ मध्ये या जातीचे नामकरण केले. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला, कांदळवनाला लागून असलेला मऊ चिखल ही तिची जागा. चिखलात दोऱ्यासारखे बारीक खोड आडवे सरपटते. त्यावर ठिकठिकाणी उभे देठ आणि देठाच्या टोकाला भाल्याच्या आकाराच्या इवल्या पानांचा झुबका. पान जेमतेम सेंटिमीटरभर. ओहोटीला ही पाने चिखलावर आडवी पडतात, त्यांवर गाळाचा थर बसतो आणि चालणाऱ्याला पायाखाली कुरण आहे हे कळतही नाही. निमखारे पाणी ती सोसते. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती ‘असुरक्षित’ गटात आहे.

वऱ्हाडातील आप्त : हॅलोफिला हायड्रोकॅरिटेसी कुळातली. तळी-तलावांतील हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया याच कुळातल्या. त्यामुळे समुद्रापासून शेकडो किलोमीटरवरच्या मोर्शीतही हा विषय परका नाही. मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे (जलाशय : नळ-दमयंती सागर, उपयुक्त साठा ५६४.०५ दशलक्ष घनमीटर). अशा जलाशयाच्या उथळ काठावर मुळे धरणाऱ्या पाणवनस्पतींची अडचण खाडीतल्या गवतासारखीच, मात्र वेगळ्या तालावर येते. खाडीचा चिखल दिवसातून दोनदा काही तास उघडा पडतो. धरणाचा काठ वर्षातून एकदा आणि कित्येक महिने. पाणी उतरले की त्या जमिनीवर गाळपेर होते. पुढच्या पावसाळ्यात वनस्पतींना बिया, कंद आणि तुटक्या फांद्यांवरून पुन्हा सुरुवात करावी लागते.

परागण : या कुळाचे खरे वैभव इथे आहे. व्हॅलिस्नेरियाचे मादीफूल लांब, बारीक देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येते. नरफुले तळाशी पानांच्या बुडाला पिशवीत असतात; पक्व झाली की सुटतात, एकेक करून वर येतात आणि छोट्या होडीसारखी तरंगू लागतात. मादीफुलाभोवती पाण्याला किंचित खळगा पडलेला असतो, त्यात ती घसरतात. फळ धरल्यावर देठ स्प्रिंगसारखा वळून फळाला खाली ओढतो. समुद्रात गेलेल्या हॅलोफिलाने पृष्ठभागाची ही गरजही सोडली. तिचे परागकण माळेसारखे एकमेकांना जोडलेले असतात आणि पाण्याखालीच प्रवाहाबरोबर मादीफुलापर्यंत पोचतात. जमिनीवरून पाण्यात परतलेल्या वनस्पतींच्या इतिहासातली ही मोठी झेप आहे. 

अन्नसाखळी : समुद्री गाय (डुगाँग) व हिरवे समुद्री कासव समुद्री गवत चरतात. पाल्कच्या उपसागरात ४४८ चौ. किमी क्षेत्र २०२२ मध्ये डुगाँगसाठी राखीव झाले. गोड्या पाण्यात चरण्याचे हे काम हिवाळ्यात वारकरी (चांदवा) आणि लालसरीसारखी बदके करतात. पानांच्या आडोशाला कोळंबीची व माशांची पिल्ले वाढतात.

कार्बन : मुळांखालच्या गाळात मोठा साठा, जागतिक आकड्यांवर एकमत नाही.

संरक्षण : २०११ व २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनांत समुद्री गवताच्या कुरणांचा समावेश सर्वाधिक संवेदनशील, म्हणजे पहिल्या वर्गात आहे. खाडीतील रेती उपसा, गाळ काढणे व शिंपल्यांसाठी चिखल खणणे यांचा धोका तरीही टळलेला नाही. धरणांच्या उथळ काठांना एवढेही छत्र नाही : २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचन व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. मोर्शीचा जलाशय सिंचनाला पाणी देतो, अमरावती शहराची तहान भागवतो आणि म्हणूनच त्याच्या काठची वनस्पती या व्याख्येबाहेर पडते. ही उणीव दूर झाली पाहिजे, असे प्रस्तुत नोंदकाराचे स्पष्ट मत आहे.

उपयोग : वाळलेली पाने काही देशांत खत व छपरासाठी.