चिमणराव, आबा आणि मधला माणूस

प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगला मिमिक्री करणारा एक तरी पोरगा असतोच. पुढे तोच कंपनीच्या ॲन्युअल डेला भेटतो. निळू फुले हमखास, अशोक सराफ, लक्ष्या, झालंच तर दादा कोंडके. पण दिलीप प्रभावळकरांची नक्कल करताना कुणी पाहिलंय? मी तरी नाही. पकडणार काय? ह्या माणसाने स्वतःची अशी लकब मागे ठेवलीच नाही. विकांताला हेच डोक्यात घोळत होतं, म्हणून टंकतोय.

सुरुवात अर्थात चिमणरावापासून. चिं. वि. जोशी जन्माने पुण्याचे (१८९२), पेशाने बडोद्याला पालीचे प्राध्यापक. त्यांचा चिमणराव आणि गुंड्याभाऊ आधी पडद्यावर आले ते १९४० सालच्या 'लग्न पहावे करून'मध्ये, दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्या रूपात. दूरदर्शनवर ही जोडी परत आली सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. मुंबई केंद्राचा कार्यक्रम पुण्यात दिसायचा सिंहगडावरच्या मनोऱ्याच्या कृपेने. चॅनेल एकच, तेही कृष्णधवल, आणि गल्लीत टीव्ही असलेलं घर एखादंच. त्या घरात सगळी आळी जमायची असं आईबाबांच्या पिढीतलं कुणीही सांगेल. प्रभावळकर तेव्हा तिशीत होते, विज्ञान शिकून औषध कंपनीत नोकरी करणारे. गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे मुंबई महापालिकेत इंजिनिअर. म्हणजे मराठी टीव्हीची पहिली गाजलेली विनोदी जोडी नोकरी सांभाळून 'साइड प्रोजेक्ट' करत होती! (कर्वे ऑगस्ट २०२५ मध्ये गेले, पंच्याण्णवाव्या वर्षी.)

आता वाईट भाग. ती मालिका आज जवळपास शिल्लकच नाही. व्हिडिओ टेप महाग, म्हणून एक कार्यक्रम झाला की त्याच टेपवर दुसरा. चिमणरावचे बहुतेक भाग असेच पुसले गेले. दूरदर्शनलाच शिव्या घालायला नकोत, बीबीसीनेही पीटर कुक आणि डडली मूर यांच्या 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो'चे कितीतरी भाग असेच घालवले. बॅकअप घ्यायचा असतो ही अक्कल सगळ्यांनाच उशिरा आली. १९७९ मध्ये ह्याच जोडीला घेऊन चित्रपट निघाला, तेवढाच आधार.

टेप पुसल्या तरी लोकांच्या डोक्यातला चिमणराव पुसला जाईना, आणि नटाची खरी अडचण ती. रस्त्यावर लोक चिमणराव म्हणूनच ओळखणार. दुसरा कुणी असता तर जन्मभर तीच टोपी घालून सुपाऱ्या वाजवत बसला असता. त्यात पैसाही होता. ह्यांनी उलटं केलं. जयवंत दळवींच्या 'नातीगोती'मध्ये मतिमंद मुलाचा खचलेला बाप केला, आणि १९९१च्या 'चौकट राजा'त स्वतःच तसा मुलगा, नंदू. एकच दुःख दोन्ही बाजूंनी करून पाहिलेला दुसरा नट मला चटकन आठवत नाही.

त्याच सुमारास रंगभूमीवर 'हसवा फसवी' आलं. लेखन स्वतःचं, दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णींचं आणि भूमिका सहा. ह्यावर जरा थांबतो, कारण स्किट म्हणजे काय ते इथे कळतं. दीप्ती प्रभावळकर पटेल लुमुंबा ही बाई आहे, पण पुरुषाने साडी नेसली हा तिथे विनोद नाही. विनोद तिच्या स्वभावात आहे. आणि संगीत रंगभूमीवरचे थकलेले कृष्णराव हेरंबकर आले की हसता हसता घशाशी काहीतरी येतं. नंतर आलेल्या 'फू बाई फू' (२०१०) किंवा 'चला हवा येऊ द्या' (२०१४) मध्ये गुणी लोक होतेच, मीही खदाखदा हसलोय. पण तिथे आपण बहुतेक वेळा भाऊ कदमला बघायला बसतो, पात्र निमित्त. 'हसवा फसवी'त नट गायब आणि पात्रं हजर. म्हणूनच पुढे पुष्कर श्रोत्रीने त्याच सहा भूमिका उभ्या केल्या तेव्हा नाटक चाललं. पात्रं दुसऱ्याच्या अंगावर चढू शकली. प्रत्येकाची बांधणी इतकी पक्की, की कोड दुसऱ्या मशीनवर चालावं तसं. (उपमेबद्दल माफी, धंद्याची सवय.)

टीव्हीवरचा दुसरा डाव २००१चा, 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. मुळात त्यांचंच 'अनुदिनी' हे सदर. गंमत म्हणजे पुढे मराठीत ब्लॉगला हाच शब्द रूढ झाला. सासूसुनांच्या मालिकांच्या धबडग्यात ही कुटुंबकथा चालली, ती कुणी कारस्थान करत नव्हतं तरीसुद्धा. सत्तावन्नाव्या वर्षी आबा साकारताना त्यांनी चिमणरावाची आठवणही होऊ दिली नाही. आणि ह्याच माणसाने १९९३च्या 'झपाटलेला'मध्ये तात्या विंचूच्या आवाजाने एका अख्ख्या पिढीला बाहुल्यांची भीती घातली होती!

ह्याची किंमतही आहे. स्वतःचा साचा नसलेल्या नटाच्या नावावर तिकिटं तितकी खपत नाहीत. 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) देशभर चालला, पण बाहेरच्या लोकांना गांधीजी आठवतात, नटाचं नाव नाही. त्या भूमिकेसाठी आणि 'शेवरी'साठी मिळून त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सहाय्यक' हा शब्द मला तिथे खटकतो, असो.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'दशावतार' आला. ८१व्या वर्षी त्यात ते आहेत बाबुली मेस्त्री, कोकणातला म्हातारा दशावतारी. रात्रभर रंग लावून एकामागून एक सोंगं काढणारा.