गरोदरपणातील रक्तक्षय आणि मुंबई-पुण्याचे संशोधन

१९२० च्या दशकात मुंबईच्या प्रसूतिगृहांत एक चमत्कारिक रक्तक्षय डॉक्टरांना पुन्हा पुन्हा दिसत होता. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई पांढरीफटक पडे, पायांवर सूज येई, चार पावले टाकली की धाप लागे, जीभ सोलल्यासारखी लाल होई आणि अन्नावरची वासना उडे. अशा बाईला बाळंतपणात थोडा जरी रक्तस्राव झाला तरी ती हातची जाई. लोहाची औषधे देऊन फरक पडत नसे. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तांबड्या पेशी संख्येने फारच कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोह कमी पडल्याने होणाऱ्या रक्तक्षयात पेशी लहान आणि फिक्या असतात, इथे नेमके उलटे होते.

मोठ्या पेशींचा असा रक्तक्षय युरोपात ‘पर्निशस ॲनिमिया’, म्हणजे घातक रक्तक्षय, या नावाने माहीत होता. तो मात्र बहुधा उतारवयात होणारा आजार. मुंबईत तो विशी-तिशीतल्या गरोदर बायांना होत होता, आणि बाळंतपणातून वाचलेल्या पुष्कळ जणी नंतर सुधारतही होत्या. नाव तेच चिकटले तरी आजार वेगळा असावा, अशी शंका घ्यायला जागा होती.

आजाराइतकेच हे शहरही समजून घ्यायला हवे. गिरण्यांमध्ये हजारो बाया कामाला होत्या आणि त्यांची बाळंतपणे चाळींच्या अंधाऱ्या खोल्यांत सुइणीच्या हातून होत. १९२१ मध्ये मुंबई सरकारने गिरणी-कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी करण्यासाठी डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांना नेमले. आई कामावर जाताना तान्हे मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ देण्याची चाल जवळपास घरोघर असल्याचे त्यांनी नोंदवले. त्याच वर्षी शहरातील बालमृत्यूंचा नोंदलेला दर हजार जन्मांमागे साडेसहाशेच्या वर गेला होता. हा आकडा अनेक ठिकाणी उद्धृत होतो, पण तो जपून वाचावा लागतो. कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक बाया बाळंतपणाला गावी जात आणि मूल घेऊन परत येत. जन्माची नोंद गावात, मृत्यूची मुंबईत, असे झाले की दर फुगणारच. तेवढी सूट दिली तरी परिस्थिती भयंकर होती, यात शंका नाही.

याच काळात परळ भागात दवाखाने उभे राहिले. केईएम रुग्णालय आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही १९२६ ची. गिरणगावाच्या ऐन मध्यात असल्याने कामगार बाया पहिल्यांदाच मोठ्या संख्येने डॉक्टरांच्या नजरेखाली येऊ लागल्या. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती-भत्त्याचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये कायदा झाला आणि असा कायदा करणारा मुंबई हा देशातला पहिला प्रांत ठरला. माता का मरतात, हा प्रश्न आता दयाधर्माचा उरला नव्हता, त्याची चौकशी होऊ लागली होती. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने (आजच्या आयसीएमआरची पूर्वसंस्था) मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली आणि ती डॉ. मार्गारेट बॅल्फोर यांच्याकडे सोपवली. बॅल्फोर यांची बरीचशी हयात हिंदुस्थानातल्या स्त्री-रुग्णालयांत गेली होती. या गूढ रक्तक्षयाचा छडा लावण्यासाठी त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातून एका डॉक्टरबाईंना बोलावून घेतले. त्या होत्या लूसी विल्स.

विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या तेव्हा चाळिशीच्या होत्या. त्यांचे केंब्रिजमधले शिक्षण वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचे. वैद्यकाकडे त्या उशिरा वळल्या आणि १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. रुग्ण तपासण्यापेक्षा प्रयोगशाळेतला रासायनिक तपास हे त्यांचे क्षेत्र. मुंबईत त्यांना जागा मिळाली ती परळच्या हाफकिन संस्थेत. जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेगच्या लशीसाठी थाटलेल्या या प्रयोगशाळेला १९२५ पासून ती लस तयार करणाऱ्या हाफकिन यांचे नाव होते. पैसा लेडी टाटा स्मारक निधीतून आला.

आधी त्यांनी जंतूंचा माग काढून पाहिला, तिथे काही हाती लागले नाही. मग त्या आहाराकडे वळल्या. एस. एन. तळपदे या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या थरांतल्या बायांचे खाणे-पिणे आणि राहणीमान यांची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. कोणत्या घरात काय शिजते, भाजी-फळे-दूध किती जणींच्या वाट्याला येते आणि आजार कुठे जास्त दिसतो, हे शेजारी शेजारी मांडल्यावर चित्र दिसू लागले. सर्वांत जास्त आजारी होत्या गरीब मुस्लिम बाया आणि सर्वांत निकृष्ट आहारही त्यांचाच होता. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ, पांढरा पाव, नावाला भाजी. कारण धर्माचे नव्हते, ताटाचे होते, आणि हे विल्स यांनी फार लवकर ओळखले. या शोधाच्या इतिहासात पुढे येणारी मार्माइटची गोष्ट सगळे सांगतात, पण खरा मोलाचा टप्पा ही पाहणी होती असे म्हणावे लागते. त्याशिवाय पुढचे प्रयोग कशाचे करायचे, हेच कळले नसते.

पुढची पायरी उंदरांची. गरोदर माद्यांना मुंबईच्या गरीब घरातला आहार दिला तेव्हा त्या अशक्त होऊन पिल्ले होण्याआधीच मरू लागल्या. त्यात यीस्ट मिसळले की त्या तगत. सिद्धांत जवळजवळ हाती आला होता, पण मध्येच एक विघ्न उभे राहिले. उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून बार्टोनेला नावाचा जंतू पसरतो आणि त्यानेही रक्तक्षय होतो, असे दिसून आले. म्हणजे उंदरांचा आजार आहाराचा की उवांचा, हे ठरेना. विल्स यांनी मग माकडे घेतली. कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काही काळ काम करून त्या पुन्हा मुंबईच्या आहाराकडे आल्या होत्या. त्या आहारावर ठेवलेले एक माकड अगदी मरणपंथाला लागले, तेव्हा दुसरे काही सुचेना म्हणून त्याला मार्माइट दिले गेले. माकड उठून बसले.

मार्माइट म्हणजे बिअर तयार झाल्यावर उरणाऱ्या यीस्टचा दाट, काळपट, खारट अर्क. इंग्लंडात १९०२ पासून तो बरणीतून विकला जात होता, पावाला लावून खायला. आजारी बायांना तो दिल्यावर तीन-चार दिवसांतच त्यांना भूक लागू लागली. त्याहून विश्वासार्ह पुरावा रक्तात होता. नव्याने तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशी काचपट्टीवर वेगळ्या ओळखू येतात. त्यांची संख्या काही दिवसांतच झपाट्याने चढली. बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू झाल्याची ती खूण होती. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विल्स यांचा निबंध आला.

पर्निशस ॲनिमियावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय १९२६ मध्ये अमेरिकेत सापडला होता आणि त्याबद्दल पुढे १९३४ चे नोबेलही मिळाले. ओबडधोबड काढलेला यकृताचा अर्क मुंबईच्या बायांनाही लागू पडत होता. पण तोच अर्क शुद्ध करत नेला की पर्निशस ॲनिमियाचा रुग्ण बरा होई आणि मुंबईची बाई तशीच राही. याचा अर्थ उघड होता. यकृतात दोन वेगळी द्रव्ये आहेत, त्यांतले एक शुद्धीकरणात निघून जाते आणि यीस्टमध्ये तेच असते. या अज्ञात द्रव्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. शिवाय यकृताच्या मानाने यीस्टचा अर्क स्वस्त होता, हा फायदा परळच्या दवाखान्यात लहान नव्हता. पुढे विल्स १९३७-३८ मध्ये पुन्हा हाफकिनमध्ये येऊन हे काम करून गेल्या. त्यांच्या मुंबईतल्या कामाच्या निबंधांवर त्यांच्याबरोबर मेहता, तळपदे, बिलिमोरिया ही नावेही आहेत. शोधाच्या प्रचलित कथेतून मात्र ती बहुधा गळालेली असतात.

ते द्रव्य १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठात पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. चिमूटभर पदार्थासाठी चार टन पालक लागला. पानातून मिळाले म्हणून लॅटिनमधल्या पानावरून त्याचे नाव फोलिक ॲसिड पडले. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. यकृतातले दुसरे द्रव्य, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये हाती आले. पेशी मोठ्या का होतात, याचा उलगडाही मग झाला. पेशीला दुभंगायचे तर आधी तिच्यातल्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते आणि त्या कामाला फोलेट लागते. ते नसेल तर पेशी वाढत राहते, पण दुभंगत नाही. गर्भ आणि वार यांच्या वाढीमुळे गरोदरपणात फोलेटची गरज वाढते. साठा आधीच तुटपुंजा असलेली बाई नेमकी शेवटच्या महिन्यांत कोलमडते ती यामुळे. भाज्या फार वेळ उकळल्या आणि पाणी ओतून दिले, तर असलेले फोलेटही निघून जाते.

भारतात १९७० मध्ये राष्ट्रीय पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंध कार्यक्रम सुरू झाला. गरोदर बायांना लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड एकत्र असलेली गोळी मिळू लागली. गावोगावी जिला ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणतात ती हीच. गोळी पोचली तरी मळमळते, शौचाला काळी होते, मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल, अशा कारणांनी ती घरातच पडून राहते, हा आरोग्यसेविकांचा नेहमीचा अनुभव. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या.

दरम्यान फोलिक ॲसिडचा दुसरा गुण पुढे आला. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. आधीच्या बाळाच्या मेंदू वा पाठीच्या कण्यात जन्मजात व्यंग होते अशा आयांना गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक ॲसिड दिले, तेव्हा ते व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच मिटते. तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचीही खात्री नसते. गरोदरपणाची नोंद झाल्यावर दिलेली गोळी रक्तासाठी वेळेवर असते, या कामासाठी उशिरा पोचते.

महाराष्ट्रात या विषयाला नवे वळण मिळाले ते पुण्यात. तिथल्या (परळच्या नव्हे) केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण पुण्याची बाळे हडकुळी असूनही त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. ज्या आयांच्या आहारात दूध, पालेभाज्या आणि फळे जास्त होती त्यांची बाळे मोठी होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी तर जुनी समजूतच उलटवली. या आयांपैकी दोन-तृतीयांश जणींत ब-१२ कमी होते आणि फोलेट कमी असलेली जवळपास कुणीच नव्हती. आईचे ब-१२ कमी पण फोलेट जास्त, अशी जोडी जिथे होती तिथे मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. ब-१२ दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळते, भाजी-भाकरीत ते नसते. यीस्टच्या अर्काने सुटलेल्या कोड्यातले दुसरे द्रव्य इथे पुन्हा समोर आले.

गोळीऐवजी अन्नच दिले तर काय, हे मुंबईत तपासले गेले. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांच्या ‘सरस’ प्रकल्पात २००६ ते २०१२ दरम्यान झोपडपट्टीतल्या सुमारे साडेसहा हजार विवाहित स्त्रियांना रोज एक पदार्थ केंद्रावर बोलावून समोर खायला दिला जाई. निम्म्या जणींच्या पदार्थात पालेभाजी, फळे आणि दूध असे, उरलेल्यांच्या पदार्थात बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. एकूण गोळाबेरजेत बाळाच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाणाऱ्या आयांची बाळे मात्र सरासरी ४८ ग्रॅमने जड होती. फार कृश आयांना हा फायदा मिळाला नाही. गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के होते, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातही फोलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम आणि लोहाची एकत्र गोळी त्यानंतर, असा क्रम ठरवण्यात आला आहे.