धोटा आपसूक धावला तर

अथेन्स. लोकशाहीचा पाळणा म्हणून पुस्तकवाले ज्याची आरती करतात ते शहर. आरती राहू द्या बाजूला दोस्तांनो, आपण हिशेब बघू. मी साचेखात्यातला माणूस. शाळा मधेच सुटली, पुस्तकं पाळी सुटल्यावर वाचली. त्यामुळं इतिहास वाचताना माझी नजर आधी मजुरीच्या आकड्यावर जाते.

पयलं, खरं ते खरं म्हणू. इ.स.पू. 594 मध्ये सोलोननं कर्जापायी माणूस गहाण टाकायची चाल बंद केली. इ.स.पू. 508 च्या सुमारास क्लेइस्थेनिसनं जुन्या घराण्यांची मिरासदारी मोडून नागरिकांची गावनिहाय नवी विभागणी केली. 500 जणांचं मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडायचे. प्निक्स टेकडीवर सभा भरायची, तिथं चांभार, सुतार, लोहार हात वर करून लढाईचा नि तहाचा निकाल लावायचे. पेरिक्लीसनं न्यायसभेत बसणाऱ्याला भत्ता चालू केला, पुढं तो दिवसाला 3 ओबल झाला. गरिबाला राज्य चालवायला बसवायचं तर त्याचा बुडालेला रोज भरून द्यायला पायजे, हे त्या लोकांना कळलं होतं. ही गोष्ट लहान नाही.

आता दुसरी वही उघडा.

इ.स.पू. 480 ला सालामिसच्या समुद्रात इराणी आरमार बुडवलं. वल्ही मारणारे बहुतेक गरीब होते, त्या वल्ह्यांच्या जोरावर पुढं सभेत त्यांचा आवाज वाढला. पण जहाजं बांधायला चांदी आली लॉरियनच्या खाणीतून. अरुंद भुयारं, हातात तेलाचा दिवा, सरपटत जायचं नि दगड फोडायचा. हे काम गुलामांचं. नीसियस नावाच्या बड्या सेनापतीनं 1000 गुलाम खाणीच्या ठेकेदाराला भाड्यानं दिले होते, असं झेनोफोन लिहितो. भाडं माणशी दिवसाला 1 ओबल. अट एवढीच, की आकडा कायम भरलेला पायजे. म्हणजे मेला एक, तर उभा कर दुसरा. न्यायसभेत बसणाऱ्याला 3 ओबल, खाणीतल्या माणसाचा 1 ओबल, नि तोही त्याच्या हातात नाही, मालकाच्या थैलीत.

गुलामाला मत नाही. बाईला मत नाही. परमुलखातून येऊन राहिलेल्याला मत नाही. इ.स.पू. 451 च्या कायद्यानं आई-बाप दोघंही अथेन्सचे असतील तोच नागरिक. गुलामाची साक्ष कोर्टात घ्यायची तर आधी त्याचे हाल करून घ्यायची, असा रिवाज.

पुढच्या शतकात अॅरिस्टॉटल आला. स्तागिराचा माणूस, म्हणजे अथेन्सात त्यालाही मत नव्हतं. तो म्हणतो, गुलाम हे जिवंत हत्यार, नि काही माणसं निसर्गानंच गुलाम असतात. पुढं एक वाक्य असं, की मी पुस्तक खाली ठेवलं. धोटा आपसूक विणायला लागला, तर मालकाला गुलामाची गरज उरणार नाही, अशा अर्थाचं. अरे बाबा, धोटा आपसूक धावायला लागून जमाना झाला. आता तर बिनधोट्याचे साचे आलेत. मालकाला माणूस लागतोच, फक्त एका माणसाकडं साचे जास्त येतात. खोट हत्यारात नव्हती, वहीत होती.

आणि निसर्गाचं म्हणाल तर त्याच शतकात अल्किदामासनं सांगितलं होतं, की निसर्गानं कोणालाच गुलाम केलेलं नाही. मज्झिम निकायातल्या अस्सलायन सुत्तात बुद्ध त्या ब्राह्मण तरुणाला विचारतो: योन-कंबोजांच्या मुलखात दोनच वर्ण, आर्य आणि दास, तिथं आर्याचा दास होतो, दासाचा आर्य होतो, हे ऐकलंस ना? योन म्हणजे हेच ग्रीक. जन्माचा शिक्का पुसायला बुद्धानं त्यांचाच दाखला दिला.

तो दाखला इ.स.पू. 413 मध्ये शब्दशः खरा ठरला. सिराक्यूजच्या लढाईत नीसियस हरला, मारला गेला. त्याची कमीत कमी 7000 माणसं दगडाच्या खाणीत कोंडली, नि पुढं त्यातली बरीच गुलाम म्हणून विकली. त्याच सुमारास स्पार्टानं देकेलियाला तळ ठोकला, तेव्हा अथेन्सचे 20,000 हून जास्त गुलाम पळाले. बहुतेक कारागीर.

हा आकडा थुसिडिडीसनं लिहून ठेवला. नीसियसचं नावही लिहिलं. त्या वीस हजारांतलं एकही नाव लिहिलं नाही.